रद्दीत काय द्यायचं आणि काय फाडायचं: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागे एकदा स्टँडवर भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेतली, गाडीत बसून खाल्ले आणि सहज पुडी उलगडली तर आत कुणाच्या तरी गाडीच्या कर्जाच्या फॉर्मचं पान. झेरॉक्स नाही, मूळ फॉर्म. नाव, घरचा पत्ता, मोबाईल, पॅन नंबर, पगार, खाली निळ्या शाईची सही, सगळं स्वच्छ वाचता येत होतं, फक्त एका कोपऱ्याला मीठ लागलेलं. मी २६ वर्षं बँकेत खाती उघडायच्या काउंटरला काम केलंय, त्यामुळे त्या एका पानावर काय काय होऊ शकतं ते मला माहितीय. ते पान पर्समध्ये घालून घरी आणलं आणि चप्पल काढायच्या आधी त्याचे कपटे केले. मागच्या अंकात यावर चारच ओळी लिहिल्या होत्या पण त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, जानेवारीत गेले. त्यांनी १९७८ पासूनचा एकही कागद टाकलेला नाही, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि पलंगाखाली चार खोकी भरलीयेत. मिस्टर म्हणतात सगळं रद्दीवाल्याला देऊन टाक, नणंद म्हणतात कशाला हात लावू नका. मी मधल्या मधे अडकलेय. – सौ. व. श., सांगली

उत्तर : वहिनी, पहिली गोष्ट म्हणजे नणंदबाईंना सोबत घेऊनच बसा. त्याही वारस आहेत, आणि त्यांच्यामागे कागद फाडले गेले तर उद्या एखादी पावती सापडली नाही की "तेव्हाच फाडली असेल" हे वाक्य घरात कायमचं राहतं, मी काउंटरवर अशी भावंडं बघितलीयेत. आणि एका दिवसात संपवायचं नाही, एक खोकं एक रविवार एवढंच धरा.

जे कधीच फाडायचं नाही ते आधी बाजूला काढा. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीची सरकारी नोंद झाल्याचा उतारा), सातबारा आणि फेरफारचे जुने उतारे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्युपत्र, विम्याच्या पॉलिसी, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र (हे लोक हमखास टाकून देतात आणि घर विकताना शोधत बसतात). अण्णा पेन्शनर असतील तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा आदेश, कारण सासूबाईंच्या फॅमिली पेन्शनला तो लागणारच. आणि एक कागद असा आहे जो दिसायला अगदी टाकाऊ वाटतो, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, तो म्हणजे अण्णांचा किंवा त्यांच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. नातवंडांच्या जातपडताळणीला असलेच जुने पुरावे मागतात, ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो त्या ट्रंकेतच असतो, दुसरीकडे कुठे शोधायला गेलं की शाळेच्या नि तहसीलच्या चकरा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा.

मग जुनी पासबुकं आणि एफडीच्या पावत्या. यातलं काही फाडायच्या आधी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर अण्णांच्या नावाने शोधून बघा. १० वर्षं कुणी न मागितलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेकडच्या फंडात जमा करतात, पण वारसाचा हक्क जात नाही, पैसे मागता येतात आणि त्या वेळी हातात जुनं पासबुक असलं तर काम बरंच सोपं होतं. कागदी शेअर सर्टिफिकेटं असतील तर तीही ठेवा, कंपनीचं नाव कधी ऐकलं नसलं तरी ठेवा, नाव बदललेलं असू शकतं.

आता फाडायचं काय. बंद झालेल्या खात्यांची स्टेटमेंटं, चेकबुकांची उरलेली पानं, जुन्या कार्डांची पत्रं, पगाराच्या स्लिपा, वापरून झालेल्या आधार-पॅन-रेशनकार्डाच्या झेरॉक्स, पासपोर्ट साईज फोटो (हो, फोटोसुद्धा), हॉस्पिटलची बिलं आणि जुने रिपोर्ट. इन्कमटॅक्सचे कागद मी स्वतः ८ वर्षं ठेवते आणि मग फाडते. पण अण्णांचं शेवटच्या वर्षाचं रिटर्न वारसाला भरावं लागतं, त्यामुळे ते होईपर्यंत टॅक्सच्या फायलीला हात लावू नका. आणि प्रत्येक पासबुकाचं, डायरीचं शेवटचं पान उघडून बघा. त्या पिढीला एटीएमचा पिन तिथे पेन्सिलीने लिहून ठेवायची सवय आहे, माझ्या स्वतःच्या वडिलांच्या पासबुकात मला तो कव्हरच्या आतल्या बाजूला सापडला.

लग्नपत्रिका, पेपर, मासिकं, दिवाळी अंक, कॅलेंडरं हे खुशाल रद्दीत द्या, रद्दीवाल्याचं पोट त्यावर चालतं. त्याच्याकडून एक गठ्ठा पुढे पंधरा ठिकाणी जातो आणि कुठे जातो ते त्याच्याही हातात नसतं, एवढाच मुद्दा आहे.

प्रश्न : घरी श्रेडर, म्हणजे कागद बारीक कापायचं मशीन, घ्यायचा विचार आहे. ऑनलाईन बघितलं तर स्ट्रिप कट, क्रॉस कट, मायक्रो कट, पी-२ पी-४ असलं काय काय लिहिलेलं असतं. स्वस्तातला घेतला तर चालेल ना? – अ. दे., पुणे

उत्तर : स्ट्रिप कट घेऊ नका, पैसे थोडे कमी जातील पण काम अर्धवट होईल. ते पी-अमुक म्हणजे तुकडा किती बारीक होतो त्याचा दर्जा आहे, मूळ जर्मन मानक आता आंतरराष्ट्रीय झालंय, पी-१ सगळ्यात जाड आणि पी-७ म्हणजे जवळपास भुसा. स्ट्रिप कटवाल्या मशीनमधून साधारण ६ मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या निघतात, ए-फोर कागदाच्या जेमतेम ३५. पी-४ क्रॉस कटमध्ये एक तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटर, म्हणजे त्याच कागदाचे जवळजवळ ४०० तुकडे. पी-५ मध्ये ३० चौरस मिलिमीटर, म्हणजे दोन हजाराच्या वर. घरासाठी पी-४ पुरेसं आहे, सीए किंवा डॉक्टर असाल तर पी-५ बघा.

पट्ट्यांची एक गंमत सांगते जी मशीन विकणारा सांगत नाही. कागद उभा घातला तर पट्टी ओळींना आडवी कापते, प्रत्येक ओळीचे तुकडे होतात. पण चेक किंवा पासबुकाचं पान तुम्ही असं घातलं की अक्षरांच्या ओळी पात्यांच्या दिशेला आल्या, तर अख्खी ओळ, नाव, खातं नंबर, आयएफएससी, सगळं एकाच पट्टीवर शाबूत उतरतं. मी करून बघितलंय, रद्द केलेल्या चेकची एक पट्टी उचलली आणि त्यावर पूर्ण नंबर होता. आणि उभ्या पट्ट्या तरी जुळत नाहीत असं समजू नका. १९७९ च्या नोव्हेंबरात तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीवर ताबा घेतला गेला तेव्हा तिथल्या लोकांनी घाईघाईत कागदपत्रांच्या अशाच पट्ट्या केल्या होत्या, इराण्यांनी गालिचे विणणाऱ्या कारागिरांना बसवून त्या पट्टीला पट्टी लावून जुळवल्या आणि मग त्यांची पुस्तकं छापली. तुमच्या आमच्या कागदासाठी कुणी गालिचेवाले बसवणार नाही हे खरंय, पण ६ मिलिमीटरची पट्टी वाचायला गालिचेवाला लागत नाहीच.

घरचं मशीन सलग फार वेळ चालत नाही, काही मिनिटांत गरम होऊन थांबतं, ते बिघडलेलं नसतं, निवू द्या. अधूनमधून त्याचंच तेल सोडा. लॅमिनेशन केलेलं काही घालायचं असेल तर आधी पुस्तिकेत बघा, नाही तर अडकतं. पदर, ओढणी, गळ्यातलं लांब मंगळसूत्र तोंडाजवळ येऊ देऊ नका आणि लहान मुलं घरात असतील तर काम झाल्यावर प्लग काढूनच ठेवायचा, बटण बंद करून भागत नाही.

प्रश्न : ताई, माझं स्वतःचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. तुमचं वाचून जरा वाईट वाटलं पण खरं सांगतो, रोज संध्याकाळी खोकं भरून खराब कॉप्या निघतात, त्यात आधार पण असतात. आजवर मी त्या सरळ रद्दीत देत आलो. आता काय करू? – एक दुकानदार, नाशिक

उत्तर : दादा, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. गावातला सगळ्यात जास्त आधार नंबर हाताळणारा माणूस हा बँकवाला नसतो, झेरॉक्सवाला असतो, आणि तुमच्यासारख्या एका दुकानदाराने सवय बदलली तर रोजची शेदोनशे माणसं वाचतात.

काळी आली, तिरकी आली, अर्धीच आली अशी कॉपी गिऱ्हाईकासमोरच त्याच्या हातात द्या किंवा काउंटरखाली एक छोटं क्रॉस कट मशीन ठेवून तिथल्या तिथे घाला. मशीनला प्लग पॉइंट नसेल तर निदान नंबरावरून, फोटोवरून आणि सहीवरून कात्री चालवा आणि तुकडे दोन वेगळ्या दिवशीच्या कचऱ्यात टाका. काचेवर मूळ कागद विसरून जाणारे किती असतात ते तुम्हाला मी सांगायला नको, त्यासाठी एक कुलपाचा ड्रॉवर ठेवा.

पण खरा साठा कागदात नाही, तो तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. लोक व्हॉट्सॲपवर आधार पाठवतात, तुम्ही डाउनलोड करता, प्रिंट काढता, गिऱ्हाईक जातं आणि फाईल डाउनलोडमध्ये तशीच राहते, दोन वर्षांत तिथे हजारो माणसं जमा होतात. रोज दुकान बंद करताना डाउनलोडचं फोल्डर रिकामं, रिसायकल बिन रिकामं, व्हॉट्सॲप वेबमधले चॅट साफ, हे शटर ओढायच्या आधीचं काम समजा. पोरगा कामाला असेल तर त्याला पण शिकवा. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष, लोक तो काउंटरवर ओरडून सांगतात, त्यांना कीबोर्ड पुढे करा आणि टाईप करायला लावा. आणखी एक, मोठ्या डिजिटल झेरॉक्स मशीनमध्ये बऱ्याचदा हार्डडिस्क असते आणि कॉपी केलेल्या पानांच्या इमेज तिच्यात राहू शकतात. मशीन एक्स्चेंजला देताना मेकॅनिकला हार्डडिस्क पुसायला सांगा, स्वतः उभं राहून करून घ्या.

आणि जमलं तर दुकानात एक पाटी लावा की "मास्क आधारची प्रिंट मिळेल". मास्क आधारमध्ये पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ च दिसतात, आधारच्या साईटवरून डाउनलोड करताना तसा पर्याय निवडायचा असतो. निम्म्या लोकांना हे माहितीच नाही, तुम्ही सांगितलं तर ऐकतील.

प्रश्न : आमच्याकडे कोकणात मशीन-बिशीन काही नाही. नको असलेले कागद आम्ही बंबात घालतो. हे सगळ्यात सेफ ना? – र. प., गुहागर

उत्तर : सेफ आहे, पण बंडल उघडून घातलं तरच. मी माहेरी स्वतः बघितलंय, आईने लाईटबिलं नि पोस्टाच्या जुन्या पावत्यांचा सुतळी बांधलेला गठ्ठा तसाच्या तसा बंबात सरकवला, पाणी तापलं, अंघोळी झाल्या आणि दुपारी राख काढायला गेले तर कडा काळ्या झालेल्या आणि आतली पानं जशीच्या तशी, पिवळीसुद्धा पडली नव्हती. दाबून बांधलेल्या कागदात हवा जात नाही म्हणून मधलं जळत नाही. एकेक पान चुरगळून घाला आणि राख काठीने ढवळा. प्लास्टिकचं कार्ड आणि लॅमिनेशन मात्र बंबात नको, धूर विषारी असतो. शहरातल्या वाचकांनी हे वाचून गच्चीवर कागद पेटवू नयेत, उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे आणि शेजारच्या दमेकऱ्याला त्रास होतो तो वेगळाच.

मशीन नसेल त्यांच्यासाठी माझी आवडती पद्धत पाण्याची आहे. कागद हातानेच मोठे मोठे फाडून बादलीत टाका, वरून पाणी, रात्रभर भिजू द्या, सकाळी जुन्या लाटण्याने किंवा काठीने चांगलं घुसळा. नुसतं भिजवून भागत नाही, कारण लेसर प्रिंटची आणि झेरॉक्सची शाई पाण्यात विरघळत नाही, पान ओलं झालं तरी अक्षर वाचता येतं, त्यामुळे लगदा होईपर्यंत घुसळायलाच हवं. मग पिळून गोळे करून ओल्या कचऱ्यात.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांचा आहे. भाड्याची खोली सोडताना जुनी फाईल तिथेच टाकून आलो, त्यात आधार, पॅन, मार्कशीटच्या झेरॉक्स होत्या. आता मला एका लोनच्या हप्त्याचे मेसेज यायला लागलेत, मी लोन घेतलेलंच नाही. घरी सांगितलं नाही अजून. – स., नागपूर

उत्तर : आधी आज रात्री घरी सांग. तू काही चोरी केलेली नाहीस, आणि पोलीस स्टेशनला जाताना सोबत मोठं माणूस असलं की धीर येतो.

मेसेजमधल्या लिंकला हात लावू नकोस, तो मेसेजच खोटा असू शकतो. सिबिलचा रिपोर्ट काढ. कुणाच्या नावावर कोणतं कर्ज आहे त्याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या, म्हणजे क्रेडिट ब्युरो आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकाने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो, चारही काढ. त्यात ते लोन खरंच दिसलं तर ब्युरोकडे आणि ज्या कंपनीने लोन दिलं तिच्याकडे लेखी हरकत घे. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मागता येते, आणि कंपनी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. त्याच दिवशी १९३० वर फोन कर किंवा राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाक आणि तक्रारीचा नंबर जपून ठेव, पुढे प्रत्येक जण तोच विचारतो.

मग संचार साथी पोर्टलवर जाऊन तुझ्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते बघ, आपलं नसलेलं दिसलं तर तिथेच तसं कळवता येतं. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाक, आणि गेल्या सहा महिन्यांत तुझा आधार कुठे कुठे वापरला गेला त्याची यादीही तिथे मिळते, ती काढ. हे सगळं दोन तासांचं काम आहे, उद्यावर नको टाकूस. मला काय झालं ते नक्की कळव, मी वाट बघतेय.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ऑफिसात भाडेकरूंच्या पोलीस व्हेरिफिकेशनच्या १५ वर्षांच्या फायली आहेत. जागा नाही म्हणून कमिटीने रद्दीत काढायचं ठरवलंय. सेक्रेटरी म्हणून मला ते बरं वाटत नाही. – ठाणे

उत्तर : बरोबरच वाटत नाहीये तुम्हाला. सोडून गेलेल्या शेकडो भाडेकरूंचे आधार, फोटो, गावचे पत्ते त्यात आहेत आणि त्यातल्या एकालाही आपण विचारलेलं नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो, त्यामुळे नुसत्या कागदी फायलीला तो लागत नाही असं कमिटीत कुणी म्हणेल, पण कुणी त्या स्कॅन करून ठेवल्या असतील तर लागतो, हे त्यांना सांगा.

ऑडिटरला विचारून काय ठेवायचं ते आधी नक्की करा, 'आय' आणि 'जे' नमुन्याची सभासदांची रजिस्टरं, इतिवृत्त, बिल्डिंगचे नकाशे यांना हात लागता कामा नये. बाकीच्याचा कमिटीत ठराव करा आणि मोठ्या शहरांत कागद फाडून देणाऱ्या एजन्सी आहेत त्यांना बोलवा, त्यातल्या काही मशीनची गाडी दारात आणतात. कागद फाडताना कमिटीतल्या दोघांनी समोर उभं राहा आणि नष्ट केल्याचं सर्टिफिकेट घ्या. तुमच्या गेटवरचं वॉचमनचं रजिस्टर पण एकदा बघा, येणाऱ्या प्रत्येकाला आधीच्या वीस जणांचे मोबाईल नंबर दिसतात, आणि भरलेली रजिस्टरं बहुतेक जिन्याखाली पडलेली असतात.

प्रश्न : जुनी एटीएम कार्डं नुसती मधून कापली तर चालतं का? आणि ऑनलाईन पार्सलच्या खोक्यांचं काय? – म. जो., कोल्हापूर

उत्तर : मधून कापलं तर चिप बहुतेक वेळा शाबूत राहते. आधी चिपच्या बरोबर मधून कात्री चालवा, मग मागच्या काळ्या पट्टीवरून, मग नंबर आणि सीव्हीव्हीवरून. खोक्यावरचं लेबल ओल्या फडक्याने भिजवून खरवडा, निघत नसेल तर जाड मार्करने नाव, नंबर आणि बारकोड तिन्ही गिचमिडून टाका. औषधांच्या पिशवीवर स्टेपल केलेलं बिल विसरू नका, घरात कुणाला काय आजार आहे ते त्यावर नावासकट असतं.

प्रश्न : मशीनमधून निघालेलं कात्रण आमचा रद्दीवाला घेत नाही. पिशव्या भरून साठलंय. – शु. म., पणजी

उत्तर : बारीक तुकडे वजनाला हलके आणि उडतात, म्हणून तो नाही म्हणतो. तुम्ही घरी खत करत असाल तर भाजीच्या ओल्या कचऱ्यावर दर वेळी एक मूठ कात्रण पसरा, जास्तीचं पाणी ओढून घेतं आणि वासही कमी येतो, माझ्या गच्चीतल्या ड्रममध्ये मी सुक्या पानांऐवजी पावसाळाभर हेच वापरते. फक्त चकचकीत रंगीत कागद आणि दुकानातली ती गुळगुळीत थर्मल बिलं त्यात जाऊ देऊ नका, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो. त्यांची वेगळी पिशवी करून सुक्या कचऱ्यात द्या.